येण्याचं कारण

"एवढ्या पैशात उमरा झाला असता."

जानेवारीत जैसलमेरहून हिंगणघाटला परत आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. पुढच्या पंधरा दिवसांत ते सात जणांकडून ऐकलं. नणंदेनं फोनवर म्हटलं, शेजारणीनं दारात उभं राहून म्हटलं, आणि आमच्या नात्यातल्या एका बुजुर्गांनी खानदानाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुरआनच्या एका आयतीसकट म्हटलं. सहा वेळा मी हसून विषय बदलला. सातव्या वेळी ठरवलं की याचं उत्तर लिहायचं. ज्यांना रागवायचं आहे त्यांनी पूर्ण वाचून रागवावं, एवढीच विनंती.

आधी गुन्हा काय तो सांगते. आम्ही तिघी गेलो होतो. मी, दोन वर्षांपूर्वी शाळेतून निवृत्त झालेली मराठीची शिक्षिका. माझी अम्मी, वय 78, दोन्ही गुडघे अधू, हातात काठी. आणि माझी मुलगी, पुण्यात नोकरी करते. पाच दिवस राहिलो. माझे पती आले नाहीत कारण ते कापसाच्या दलालीत आहेत आणि डिसेंबर-जानेवारीत ते स्वतःच्या घरीसुद्धा पाहुण्यासारखे येतात. इंग्रजांच्या काळात 'हिंगणघाट' हे गावाबरोबर एका कापसाचंही नाव होतं. त्या गावात हिवाळ्याची सुट्टी कुणाला मिळणार? गाड्यांच्या रांगा, भावाची चढउतार, जिनिंगचा आवाज, यात आमचा सगळा गुलाबी थंडीचा मोसम निघून जातो. आणि उन्हाळ्यात वाळवंट बघायला जाण्याइतके आम्ही वेडे नाही. 46 अंश आम्हाला अंगणात मिळतात.

तर गेलो. का गेलो? कशासाठीच नाही. तिथं कुणाचं लग्न नव्हतं, कुणी आजारी नव्हतं, कुठला उर्स नव्हता, जमातीत कुणी निघालं नव्हतं. थंडीच्या दिवसांत एक सुंदर गाव बघायचं, उन्हात बसायचं, गरम जेवायचं, रजई घेऊन झोपायचं आणि परत यायचं. आमच्या लोकांना नेमकं हेच पचलं नाही. उमऱ्याचं वाक्य पैशाबद्दल आहे असं वरवर वाटतं. खरं तर ते कारणाबद्दल आहे.

अम्मीनं आयुष्यात केलेले प्रवास मी एकदा बसून मोजले. आर्वीला माहेरी, ते किती वेळा याची गणती नाही. सेवाग्रामच्या दवाखान्यात, अब्बांच्या आजारपणात, दीड वर्ष. नागपूरला ताजबागेत, बहुतेक दरसाल. लग्नांना अमरावती, यवतमाळ, एकदा हैदराबाद. अजमेरला एकदा. आणि 2004 साली अब्बांबरोबर हज. यातला एकही प्रवास 'जाऊन बघू' म्हणून झालेला नाही. अजमेरला दोन दिवस होते, दर्गा आणि लॉज एवढंच पाहिलं. पुष्कर तिथून दहा-पंधरा किलोमीटरवर आहे, तळं आहे, वाळूचे टेकाड आहेत. कुणी नेलं नाही, कारण तिथं 'आपलं काही नाही'. हे शब्द अब्बांचे. अब्बा वाईट माणूस नव्हते. त्यांनाही कुणी कधी विनाकारण कुठं नेलं नव्हतं.

आमच्या बायका मात्र हुशार. कारण लागतं ना, मग कारण तयार करू. आमच्याकडे समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी आहे, शेख फरीदबाबांचा दर्गा. सगळ्या वर्धा जिल्ह्याला ठाऊक असलेली जागा. टेकडीवर सुपारीएवढे, नारळाएवढे गोल दगड सापडतात. बाबांची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल बाबांनी दगड करून टाकला, अशी कथा. भूगर्भशास्त्रवाले त्यांना खनिजांचे गोळे म्हणतात, त्यांचंही बरोबर असेल. लहानपणी आम्ही वर्षातून दोन-तीनदा गिरडला जायचो आणि प्रत्येक वेळी कुणाची ना कुणाची मन्नत असायची. चाचीच्या मुलाला ताप आला, मन्नत. म्हैस सापडली, मन्नत. मोठी झाल्यावर मला कळलं की ताप तर दोन दिवसांत गेला होता आणि म्हैस गावातच होती. मन्नत हा रजेचा अर्ज होता. घरातल्या कर्त्या पुरुषाला त्यावर सही करावीच लागायची. मग बैलगाडी, नंतर ट्रॅक्टर, नंतर टेम्पो; टेकडीखाली तीन दगडांची चूल, मटणाचा रस्सा, झाडाखाली लवंडलेल्या मामी-चाच्या आणि पोरांचा धुमाकूळ. जियारत अर्ध्या तासाची, बाकीचा दिवस आमचा. शेजारच्या झाडाखाली हिंदू बायकांचा स्वयंपाक शिजत असायचा. त्यांच्याही अर्जाची भाषा तीच होती, नवस. माहूरला जाणाऱ्या किती जणींना रेणुकामाईबरोबर सासरच्या चुलीपासून दोन दिवसांची सुटका हवी असते, हे त्यांना विचारा.

मी याला ढोंग म्हणत नाही. त्या बायकांची श्रद्धाही खरी होती आणि भूकही खरी होती. माझं म्हणणं एवढंच की नातीच्या हातात स्वतःच्या पगाराचं कार्ड असताना आजीनं अजून म्हैस हरवायची का?

वाळवंटाचं अम्मीनंच काढलं. टीव्हीवर काहीतरी चालू होतं, वाळूचे डोंगर दिसत होते. ती म्हणाली, मी अरबस्तानात चाळीस दिवस राहून आले, पण वाळू बघायचीच राहिली. मी चकित झाले. मग तिनं सांगितलं. विमानतळ, बस, इमारत, हरमचा संगमरवर. मिनात तंबू, तंबूतही थंड हवेची यंत्रं. बोगदे. बीबी हाजरा ज्या दोन टेकड्यांमध्ये पाण्यासाठी धावल्या तिथं आता गुळगुळीत फरशी आणि वर छत. मुजदलिफ्यात रात्री खडे वेचले तेवढाच जमिनीला हात लागला. बाकी वेळ अब्बांच्या एहरामचं टोक धरून, पुढच्याच्या टाचांकडे बघत ती चालली. हज झाला, अल्हमदुलिल्लाह, तिच्या मनात त्याबद्दल तक्रार नाही. पण लहानपणापासून ज्या सगळ्या गोष्टी ऐकल्या, पैगंबरांच्या, सहाबांच्या, त्या सगळ्या वाळूत घडतात, आणि वर्ध्याच्या काळ्या मातीत वाढलेल्या बाईला वाळू म्हणजे काय ते माहीत नाही.

बघा, मीही कारण द्यायला लागले. सवय जात नाही.

जोधपूरहून जैसलमेरला रेल्वेनं गेलो. वाटेत रामदेवरा स्टेशन लागतं. तिथं रामदेवबाबांची समाधी आहे, मुसलमान त्यांना रामशा पीर म्हणतात, दोन्हीकडचे लोक येतात. हे डब्यातल्या एका बाईंनी सांगताच अम्मी काठी सावरून बसली. "उतरायचं का?" माझी मुलगी हसायला लागली. तिच्या लक्षात आलं होतं की आजी अजून सहीसाठी अर्ज शोधते आहे.

आता जैसलमेरबद्दल. रावल जैसल नावाच्या भाटी राजानं 1156 मध्ये वसवलेलं गाव, सगळं पिवळ्या दगडाचं. सकाळी तो दगड ताकासारखा फिका असतो, दुपारी हळदीसारखा, आणि मावळतीला बघत राहावं असा. सत्यजित राय यांनी 1974 मध्ये या किल्ल्यावर 'सोनार केल्ला' काढला, तेव्हापासून बंगाली माणूस थंडी पडली की इकडे येतो. आम्हाला दर चौथं कुटुंब बंगाली भेटलं. त्यांच्याकडे बघून मला हेवा वाटला. टोपी, मफलर, थर्मास, म्हातारी आई खुर्चीत, पोरं पुढं. त्यांना कुणी विचारत नव्हतं की या पैशात काय काय झालं असतं.

रोज सकाळी आम्ही गडीसरच्या काठावर जाऊन बसायचो. हे तळं म्हणजे जुन्या जैसलमेरचं पिण्याचं पाणी. वाळवंटात लोकांनी थेंब थेंब अडवून गाव जगवलं, ते या तळ्यावर. अम्मी पायरीवर बसायची नाही, गुडघे वळत नाहीत. चहावाल्यानं प्लास्टिकची खुर्ची दिली. त्या खुर्चीत ती पहिल्या दिवशी दोन तास बसली. ना तसबीह, ना भाजी निवडणं, ना कुणाची वाट बघणं. हात मांडीवर नुसते. मी 59 वर्षांची आहे, आणि माझ्या आईचे हात जागेपणी रिकामे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच म्हणाली, चला तळ्यावर. दुपारी बाजरीची रोटी, केर-सांगरीची भाजी. तिला ती भाजी आवडली नाही, "काड्या शिजवल्यात" म्हणाली, आणि रात्री पुन्हा तीच मागवली. पटव्यांच्या हवेल्या बघितल्या. व्यापाऱ्यांनी दगडाला जाळीदार कापडासारखं कोरलं आहे. अम्मीनं वर चढायला नकार दिला आणि खालच्या ओट्यावर बसून एका विणकाम विकणाऱ्या बाईशी गुडघ्यांवरच्या औषधांची चर्चा केली.

आणि वाळू. सममध्ये गर्दी फार, जीपचे आवाज, मोठ्यानं लावलेली गाणी. म्हणून उंटवाल्यानं आम्हाला जरा बाजूला नेलं. अम्मीला उंटावर बसवणं शक्यच नव्हतं. उंटगाडीत गादी टाकून तिला नेलं. उतरून ती उभी राहिली, चपला काढल्या, पाय रुतवले आणि चारी दिशांना बघून म्हणाली, "इत्ती रेती! और एक टिप्पर नहीं."

वर्धा जिल्ह्यातल्या वाचकांना हे समजावून सांगायला नको. आमच्या वणा नदीच्या काठावर राहणाऱ्याला रेती म्हटलं की घाट आठवतो, लिलाव आठवतो आणि रात्री एक वाजता भिंत हलवत जाणारा टिप्पर आठवतो. मुलगी हसून हसून वाळूत बसली. अम्मी मात्र गंभीर होती. मग तिनं त्याच वाळूत खुर्ची मागवून असरची नमाज पढली. चारऐवजी दोन रकात, मुसाफिराची.

आता आयतीकडे येते, कारण बुजुर्गांनी ती मला पाठवली आहे. सूरह बनी इस्राईल, आयत 27. उधळपट्टी करणारे सैतानाचे भाऊ आहेत, अशा अर्थाची. बरोबर आहे. पण आयत 26 त्यांनी पाठवली नाही. त्यात नातेवाईक, गरीब आणि मुसाफिर यांना त्यांचा हक्क द्या असं सांगितलं आहे. म्हणजे उधळपट्टीची ताकीद जिथं येते त्याच्या एक ओळ आधी प्रवासी उभा आहे, हक्कदार म्हणून. तिथला मुसाफिर म्हणजे वाटेत अडलेला, पैसे संपलेला माणूस. उंटगाडीत बसून फोटो काढणारी मास्तरीण नव्हे, हे मला कळतं. पण एकच ओळ कापून पाठवायची असेल तर शेजारची वाचून तरी पाठवावी.

आणि ती दोन रकातांची नमाज. कसरची सवलत आपल्या हनफी फिक्हमध्ये अंतर मोजून मिळते; साधारण 78 किलोमीटरच्या पुढं जायचं असेल आणि पंधरा दिवसांपेक्षा कमी राहायचं असेल तर. प्रवास कशासाठी, हे त्या हिशेबात विचारलेलंच नाही. अल्लाहनं चाराच्या दोन केल्या त्या व्यापाऱ्याला, यात्रेकरूला आणि रिकामटेकड्याला सारख्याच. कारणाचा रकाना आपण जोडला. पृथ्वीवर फिरा आणि बघा, हे कुरआनात एकदा नव्हे, अनेकदा आलं आहे. इब्न बतूता 1325 मध्ये तांजियरहून हजला निघाला तेव्हा एकवीस वर्षांचा होता. हज पहिल्याच फेरीत झाला. मग सरळ घरी जायचं होतं ना? तो चोवीस वर्षांनी घरी पोहोचला, मधे आपल्या दौलताबादलाही येऊन गेला. आपण त्याचं नाव शाळांना देतो, मोठेपणा मिरवतो. त्याच्या अम्मीला कुणी व्हॉट्सॲपवर आयत पाठवली नव्हती हे बरं झालं.

गरीब समाज आहे, मुलांच्या फीला पैसे नाहीत आणि तुम्ही फिरता, असंही एकानं म्हटलं. हा मुद्दा मी हसण्यावारी नेत नाही. सच्चर समितीचा 2006 चा अहवाल मी वर्गात मोठ्या मुलींना समजावून सांगत असे. आपली अवस्था मला माहीत आहे. पण हा प्रश्न वलीम्याच्या वेळी का पडत नाही? पाचशे माणसांचा बिर्याणीचा देग, हॉल, घोडी, फटाके, त्यावर व्याजाचं कर्ज, तेही 'व्याज हराम' म्हणत म्हणत. म्हणणाऱ्या भाईजाननी स्वतःच्या मुलाच्या लग्नात जेवढं केलं त्यात आम्ही तिघी जैसलमेरला सात वेळा जाऊन आलो असतो. लग्नाला कारण आहे, म्हणून तो खर्च दिसत नाही. आम्हाला कारण नव्हतं म्हणून चहाचा कपसुद्धा मोजला गेला.

आणि मेहरम. हा मुद्दा पुरुषांनी माझ्या तोंडावर काढला नाही, माझ्या पतींना चौकात गाठून काढला. तीन बायका, सोबत पुरुष नाही. या बाबतीत उलमांमध्ये प्रामाणिक मतभेद आहेत, मी ते वाचले आहेत. कोकणातले आपले भाऊबंद शाफई. त्यांच्या मजहबात विश्वासू बायकांच्या सोबतीनं फर्ज हज करायला वाव आहे. 2018 पासून भारत सरकारनं 45 वर्षांवरच्या स्त्रियांना चौघींच्या गटात मेहरमशिवाय हजला जाऊ दिलं, आणि 2022 मध्ये खुद्द सौदी सरकारनं अट काढली. ज्यांना तरीही हनफी मत काटेकोर पाळायचं आहे त्यांचा मी आदर करते, अट एकच, सगळीकडे पाळा. माझी मुलगी सहा वर्षं पुण्यात एकटी राहते. इथून सातशे किलोमीटर. महिन्याच्या महिन्याला तिचा पगार येतो, त्यातून घराचं छत झालं, भावाची फी गेली. सहा वर्षांत चौकात कुणी तिच्या मेहरमची चौकशी केली नाही. कमवायला गेली तेव्हा ती होनहार बेटी होती. तीच मुलगी आजीला वाळू दाखवायला घेऊन गेली तेव्हा फिक्ह आठवला.

पुरुषांचं काय? चिल्ल्याला चाळीस दिवस जातात, इज्तिमाला जातात, क्रिकेटच्या सामन्याला नागपूरला जामठ्याला जातात. जावं. त्यांच्यामुळे घरात कधी तरी भोपाळचं, कधी सहारनपूरचं नाव येतं, नकाशा मोठा होतो. बायकांचा नकाशा मात्र माहेर ते दवाखाना.

इथवर वाचून काही बिगरमुस्लिम वाचकांनी मान डोलावली असेल, की बघा, यांच्यात असंच असतं. त्यांनी थोडं थांबावं.

किल्ल्यात एका ठिकाणी आम्ही खोली ठरवली होती, फोनवर. पोहोचलो, आधार कार्डं दिली. हॉटेलच्या रजिस्टरमध्ये एक रकाना असतो, आने का कारण. मुलीनं लिहिलं, घूमना. काउंटरवरच्या माणसानं कार्डावरची तिन्ही नावं वाचली आणि तोंडी पुन्हा विचारलं, कशासाठी आलात? फिरायला. नाही, पण कुणाकडे? कुणाकडे नाही. दर्ग्यावर? नाही, फिरायला. अजमेरहून येताय? नाही हो. तो दुष्टपणानं विचारत नव्हता, त्याला खरंच समजत नव्हतं. आणि त्याचा चेहरा अगदी आमच्या खानदानाच्या ग्रुपसारखा दिसत होता. दहा मिनिटांनी आतून निरोप आला की खोलीत पाण्याचा प्रॉब्लेम आहे. सामान उचलून आम्ही किल्ल्याखाली आलो. तिथं एका घरवजा गेस्टहाउसच्या मालकानं कार्डं न बघता आधी अम्मीला खुर्ची दिली. किल्ल्याच्या तब्येतीच्या दृष्टीनं हे बरंच झालं म्हणायचं. जिथं पाऊस जेमतेम पडतो तिथल्या वस्तीत नळ आणि हॉटेलांची न्हाणीघरं आली, पाणी मुरून किल्ल्याचा पाया कमकुवत होतो आहे. 2013 पासून तो जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि जाणते लोक किल्ल्याबाहेरच राहा असं सांगतात. आम्हाला वेगळ्या कारणानं बाहेर राहावं लागलं, एवढाच फरक.

तिसऱ्या दिवशी लोंगेवाला बघायला गेलो, 1971 च्या लढाईची जागा. गाडीत आमच्याशिवाय आणखी पाच पर्यटक. त्यांच्यातल्या एका काकांनी ड्रायव्हरला तीनदा विचारलं, इथून पाकिस्तान किती? प्रत्येक वेळी ड्रायव्हरनं हात करून दाखवलं. मग अम्मीनं विचारलं, "यहाँ से पाकिस्तान कितना है, बेटा?" माझ्या मुलीनं तिचा हात दाबला. अम्मीला कळेना काय चुकलं. रात्री रजईत मुलगी तिला हळू आवाजात सांगत होती, अम्मीजान, हे आपण विचारायचं नाही. म्हणजे पर्यटकाचा सगळ्यात साधा, भाबडा प्रश्नसुद्धा काही नावांना महाग पडू शकतो, ही काळजी माझ्या मुलीनं पुण्यात राहून शिकली आहे. मी तिला शिकवलेली नाही.

आणि मांगणियार. थंडीत शेकोटीभोवती बसून ऐकण्यासारखी ती गोष्ट आहे. कमायचा नावाचं तंतुवाद्य, चामड्याचा गोल पोट असलेलं. त्यातून जो आवाज निघतो तो मला तरी विहिरीतून आल्यासारखा वाटला. हे पिढीजात गायक मुसलमान, आणि त्यांचे यजमान बहुतेक राजपूत. यजमानाच्या घरी मूल झालं की हे गाणार, लग्नात हे गाणार, वंशावळ हे म्हणणार, कृष्णजन्मही गाणार. कोमल कोठारी यांनी आयुष्य घालवून त्यांना जगाच्या रंगमंचावर नेलं. हमीरा गावचे साकर खाँ यांना कमायच्यासाठी 2012 मध्ये पद्मश्री मिळाली. आम्ही ज्या कॅम्पवर ऐकलं तिथं दोन गाण्यांनंतर मागून फर्माइश आली, सिनेमाचं काहीतरी लावा. त्यांनी लगेच सिनेमाचं गायलं. धंदा आहे.

कार्यक्रमानंतर अम्मी त्यांच्यातल्या म्हाताऱ्याशी बोलत बसली. त्यानं तिला विचारलं, तुम्ही इकडे कुणाकडे आलात? त्यालाही प्रश्न तोच पडला. मग मला उमगलं की मुसलमान या सगळ्या चित्रात होतेच की. आमचा उंटवाला मुसलमान, जीपवाला मुसलमान, गाणारे मुसलमान, तंबूत चहा आणणारा पोरगा मुसलमान. कुणाला खटकत नव्हतं. गादीवर टेकून बसलेल्या पाहुण्यांमध्ये तीन बुरखेवजा ओढण्या दिसल्या तेव्हाच सगळ्यांना कारण हवं झालं. आणि सेवेची जागाही किती पक्की असते? 2017 च्या नवरात्रात याच जिल्ह्यातल्या दांतल गावात एक मांगणियार गायक मेला. त्याचं गाणं भोप्याला पसंत पडलं नाही म्हणून त्याला मारून टाकल्याचा आरोप झाला, आणि गावातली मांगणियार कुटुंबं भीतीनं गाव सोडून गेली. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या बारशाला गायले त्यांच्या गावातून. शेकोटीजवळ हे कुणी सांगत नाही, सांगू नये अशी अपेक्षाही असते.

म्हणून मला आपल्या लोकांचा राग जास्त येतो. बाहेरचा माणूस काउंटरवर आपल्याला विचारतो, तुम्ही इथं कशाला, आणि आपण घरी येऊन आपल्याच आईला तोच प्रश्न विचारतो. त्याचा रकाना आपण पाठ केला आहे. कामाला आलो, इलाजाला आलो, इबादतीला आलो, हात जोडून तीनच उत्तरं. या देशाच्या थंडीतल्या उन्हावर, तळ्याच्या काठावर, पिवळ्या दगडावर जेवढा त्या मफलरवाल्या बंगाली आजींचा हक्क, तेवढाच आर्वीच्या लेकीचा. तो मागावा लागत नाही. जाऊन बसावं लागतं. ते आपण किती कमी करतो! उमरा करा, जरूर करा, मीही इन्शाअल्लाह करीन. तो अल्लाहच्या खात्यात राहू द्या. माझ्या आईच्या दोन तासांच्या खुर्चीची वजाबाकी त्यातून करू नका.

पुढच्या हिवाळ्यात माळढोक बघायला परत जायचं मुलीच्या मनात आहे. तो पक्षी उरलाय तो मुख्यतः तिकडेच. आमच्या शेजारी वरोऱ्याच्या माळावरही कधीकाळी दिसायचा. अम्मी म्हणते पक्षी घरी बसून पण दिसतात, मला बर्फ दाखवा. बघू.

तिनं येताना लोणच्याच्या रिकाम्या बरणीत थोडी वाळू भरून आणली. ती आता दिवाणखान्यातल्या कपाटात, हजच्या फोटोशेजारी आहे. परवा शेजारच्या खाला आल्या होत्या. त्यांनी बरणी बघितली, डोक्यावरचा पदर नीट केला, झाकण उघडून चिमूटभर वाळू बोटावर घेतली आणि डोळ्यांना लावण्यासाठी हात वर नेला. अम्मी पलंगावरून ओरडली, "अरे रुको! जैसलमेर की है. वहाँ ऊँट बैठते हैं."